कंसातली मगर

शाळेतल्या जीवशास्त्राच्या वहीत सरपटणाऱ्या प्राण्यांची लक्षणे मी ज्या क्रमाने लिहून घेतली होती, तो क्रम मला आजही आठवतो: त्वचा कोरडी व खवलेयुक्त, श्वसन फुप्फुसांद्वारे, शरीराचे तापमान परिसरानुसार बदलणारे, अंडी कवचाची व जमिनीवर घातलेली, हृदय तीन कप्प्यांचे. या शेवटच्या लक्षणापुढे एक कंस होता आणि त्या कंसात लिहिले होते, ‘अपवाद: मगर’. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येत असल्यामुळे आम्ही सगळ्यांनी तो कंस पाठ केला. पण मगरीच्याच हृदयाला चौथा कप्पा का असावा, हे विचारावे असे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एका संग्रहालयात मगरीची कवटी हातात घेऊन पाहण्याची संधी मिळाली, तेव्हा तो कंस मला पुन्हा आठवला, आणि त्यानंतर या प्राण्यांच्या वर्गीकरणाविषयी जे काही वाचले, ते त्या कंसाचा अर्थ लावण्यासाठीच वाचले असे म्हणता येईल.

नावापासून सुरुवात केली तरी गुंतागुंत लक्षात येते. संस्कृतातल्या ‘सृप्’ या धातूपासून ‘सर्प’ आणि ‘सरीसृप’ हे शब्द आले, आपले ‘सरपटणे’ही त्याच धातूशी नाते सांगते, आणि युरोपीय भाषांमधला ‘रेप्टाइल’ हा शब्दही सरपटणे याच अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून बनलेला आहे. म्हणजे दोन्हीकडे या प्राण्यांना नाव मिळाले ते त्यांच्या चालीवरून. परंतु मगर जमिनीवर चालताना पोट चांगले उचलून धरते आणि मगरींच्या काही जाती थोड्या अंतरापुरत्या चक्क घोड्यासारख्या उड्या घेत धावतात. समुद्री कासव जवळजवळ सारे आयुष्य पोहण्यात घालवते. आणि झाडावरून झाडावर तरंगत जाणारे सरडेही आहेत. उलट, गांडूळ सरपटते म्हणून कोणी त्याला या वर्गात घेत नाही. चालीवरून ठेवलेले नाव ओळखीपुरते बरे, वर्गीकरणाला मात्र ते पुरत नाही.

कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली प्रसिद्ध झाली आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात तिथूनच धरली जाते. त्या ग्रंथात सरपटणाऱ्या प्राण्यांचा स्वतंत्र वर्ग नाही. कासव, सरडा, बेडूक आणि साप हे सगळे तिथे उभयचर या एकाच वर्गात आहेत, आणि त्यांच्याच सोबत शार्क आणि स्टर्जन हे मासेही आहेत, कारण त्यांना फुप्फुसे असतात असा लिनियसचा समज झाला होता. ज्या प्रजातीत, म्हणजे अनेक जातींच्या ज्या एका गटात, त्याने सरडे घातले, तिच्यातच मगर आणि सॅलमँडर हा शेपटीवाला उभयचरही होता. पाय नसलेला एक युरोपीय सरडा त्याने सापांमध्ये टाकला. या साऱ्या प्राण्यांविषयी त्याला वाटणारी किळस त्याच्या वर्णनात लपत नाही: थंड शरीर, फिकट रंग, घाणेरडी त्वचा, कर्कश आवाज अशी विशेषणे लावून झाल्यावर, निर्मात्याने यांच्या फारशा जाती घडवल्या नाहीत, असेही तो नोंदवतो. आज सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १२,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. वनस्पतींच्या फुलांमधील पुंकेसर इतक्या बारकाईने मोजणाऱ्या माणसाने या प्राण्यांकडे मात्र असे दुरूनच पाहावे, याचे मला वाईट वाटते, आणि त्या गोंधळलेल्या वर्गाला त्याची किळसही थोडी कारणीभूत असावी असे माझे मत आहे.

दहाच वर्षांनी, १७६८ साली, व्हिएन्नामधील लॉरेंटी या वैद्याने या प्राण्यांवरील आणि त्यांच्या विषांवरील पुस्तकात ‘रेप्टिलिया’ हे वर्गनाम रूढ केले. मात्र बेडूक त्यातही होतेच. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्रोंनियार याने कासवे, सरडे, साप आणि बेडूक असे चार गट पाडले व यातला चौथा गट शरीररचनेने आणि वाढीच्या पद्धतीने किती निराळा आहे हे दाखवले. त्यानंतरच्या काही दशकांत उभयचर स्वतंत्र वर्ग म्हणून वेगळे झाले आणि मागे जे राहिले, तेच आपल्या पाठ्यपुस्तकांतले सरपटणारे प्राणी.

‘मागे जे राहिले’ हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत. जमिनीवर अंडे घालता यावे यासाठी गर्भाभोवती उल्ब नावाचे पातळ आवरण असते आणि त्या आवरणातील द्रवात गर्भ वाढतो. प्रत्येक गर्भाला जणू स्वतःचे खासगी तळे मिळालेले असते, त्यामुळे बेडकासारखे पाण्याकडे परत जावे लागत नाही. हे उल्ब सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी या तिघांमध्येही असते, म्हणून १८६६ साली हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या तिघांना मिळून एक नाव दिले. या मोठ्या कुटुंबातून पिसे असलेले बाजूला काढले, केस असलेले बाजूला काढले, की जे उरतात ते सरपटणारे प्राणी. माझ्या वहीतली लक्षणे या दृष्टीने पुन्हा वाचली, तेव्हा ध्यानात आले की फुप्फुसे सर्वांनाच आहेत, कवचाचे अंडे पक्ष्यांचेही आहे, पक्ष्यांच्या पायांवर खवलेही आहेत, आणि परिसरानुसार बदलणारे तापमान तर मासे व बेडूक यांच्याकडूनच चालत आलेले आहे. फक्त याच वर्गाचे म्हणावे असे त्या यादीत एकही लक्षण नव्हते. पिसांचा अभाव आणि केसांचा अभाव एवढ्यावरच तो वर्ग उभा होता, आणि अभावाला पूर्वज नसतो.

पूर्वजांचा शोध कवटीतून लागला. संग्रहालयातील त्या कवटीत डोळ्याच्या खोबणीमागे दोन्ही बाजूंना दोन-दोन भोके होती, एक वर आणि एक खाली. जबड्याच्या स्नायूंना फुगायला जागा मिळावी आणि कडांवर घट्ट पकड घेता यावी, असा या भोकांचा उपयोग सांगितला जातो. आपल्या कानशिलावर बोटे टेकवून दात आवळले, तर आत एक स्नायू फुगलेला जाणवतो. तो स्नायू गालाच्या हाडाच्या कमानीआडून खाली जातो आणि ती वाट म्हणजे आपल्या दूरच्या पूर्वजांच्या कवटीतील एकुलत्या एका भोकाची खूण आहे. हेन्री फेअरफील्ड ऑस्बर्न या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाने १९०३ साली या भोकांच्या संख्येवरून दोन मोठ्या शाखा मांडल्या: एका भोकाची शाखा, जिच्यातून पुढे सस्तन प्राणी आले, आणि दोन भोकांची शाखा, जिच्यात सरडे, साप, मगरी, डायनोसॉर आणि पक्षी येतात. या दोन शाखा ३० कोटी वर्षांपूर्वीच एकमेकींपासून अलग झाल्या होत्या. पाठीवर शिडासारखा पंखा असलेला डायमेट्रोडॉन खेळण्यांच्या डब्यात हमखास डायनोसॉरांबरोबर ठेवलेला असतो, पण त्याच्या कवटीत एकच भोक आहे आणि त्याचे नाते मगरीपेक्षा आपल्याशी जवळचे आहे. अशा प्राण्यांना पूर्वी ‘सस्तनांसारखे सरीसृप’ म्हणत. आता बहुतेक अभ्यासक तसे म्हणत नाहीत, कारण ते सरीसृपांच्या शाखेवर कधी नव्हतेच.

मगरीच्या हृदयाचे उत्तर या दुसऱ्या शाखेवर आहे. मगर आणि पक्षी यांचा सामाईक पूर्वज जितका अलीकडचा आहे, तितका मगर आणि सरडा यांचा नाही. हे एकदा मान्य केले, की आतापर्यंत विखुरलेल्या कितीतरी गोष्टी एका ठिकाणी येतात. मगरीचे हृदय पक्ष्यांप्रमाणे चार कप्प्यांचे आहे. अमेरिकन ॲलिगेटर या मगरीच्या गटातल्या प्राण्याच्या फुप्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने वाहते, हे २०१० साली प्रयोगाने दाखवले गेले, आणि त्यापूर्वी अशी रचना केवळ उड्डाणासाठी घडली असावी असे मानणाऱ्यांना आपले मत बदलावे लागले. मगरीची मादी घरट्याची राखण करते. अंड्यातून बाहेर येण्याआधीच पिल्ले आतून आवाज देऊ लागतात, आणि तो ऐकून ती घरटे उकरते व पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्याकडे नेते. पिल्लांची ही हाक आणि आईची ही जागरूकता ज्याला पक्ष्यांच्या घरट्यावरून परिचित आहे, त्याला मगरीचे हे वर्तन परके वाटणार नाही. म्हणजे माझ्या वहीतला तो कंस मुळात अपवाद नव्हताच. वर्गाची सीमारेषा जिथे चुकीच्या जागी आखली गेली होती, नेमकी तिथे ती खूण उमटलेली होती.

ही रेषा चुकीची का, हे नीट शब्दांत मांडण्याचे श्रेय विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाकडे जाते. माश्या आणि डास यांच्या वर्गीकरणात आयुष्य घालवलेल्या या माणसाने आपल्या सिद्धांताचा मसुदा १९४५ साली ब्रिटिशांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत लिहिला. तो १९५० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला आणि १९६६ मध्ये इंग्रजीत आल्यावर जगभर वाचला गेला. त्याचे म्हणणे सांगायला सोपे आणि पाळायला कठीण आहे: गट करायचा तर एक पूर्वज आणि त्याचे झाडून सारे वंशज यांचा करावा, एकालाही वगळू नये. वंशावळ लिहिताना एखाद्या शाखेने फार प्रगती केली किंवा ती दूरदेशी गेली, म्हणून तिचे नाव गाळले, तर ती वंशावळ खरी राहत नाही. पक्ष्यांना गाळून केलेला सरीसृपांचा वर्ग असाच आहे. टी. एच. हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकातच पक्षी आणि सरीसृप यांना एका नावाखाली आणले होते. १८६१ साली सापडलेल्या आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या जीवाश्मात पिसांबरोबर दात आणि लांब हाडांची शेपटी होती. आणि १९९६ मध्ये चीनमधून पिसांसारख्या तंतूंचे आवरण असलेला छोटा डायनोसॉर जगासमोर आला. पुरावा पुष्कळ होता. नियम मात्र हेनिगने दिला.

या मताला विरोध झाला आणि तो हलक्या लोकांनी केलेला नव्हता. अर्न्स्ट मायर यांच्यासारख्या थोर उत्क्रांतिशास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते की वर्गीकरणाने केवळ शाखा कुठे फुटली एवढेच सांगू नये, त्या शाखेवर पुढे किती बदल झाला तेही सांगावे; पक्षी इतके बदलले आहेत की त्यांना स्वतंत्र वर्ग देणेच योग्य आहे. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला मायर यांच्या म्हणण्यातले तथ्य दिसते. ऊन खाऊन अंग तापवणाऱ्या आणि महिना महिना अन्नावाचून राहू शकणाऱ्या प्राण्याचे जगणे चिमणीच्या जगण्यापेक्षा खरोखरच वेगळे आहे, आणि त्यासाठी एखादा शब्द असायला हवा. तरीही किती बदल म्हणजे पुरेसा बदल, हे कोणी ठरवायचे, या प्रश्नाला मला तिथे उत्तर मिळाले नाही. नात्याच्या बाबतीत निदान पुरावा मागता येतो, आणि नवा पुरावा आला की हार मानता येते. म्हणून मी हेनिगच्या बाजूचा आहे.

हार मानण्याचा प्रसंग सापांच्या बाबतीत आला. सापाची कात भिंगाखाली धरून खवले मोजण्याचा मला छंद आहे. पाठीवरच्या ओळी, पोटावरचे आडवे रुंद खवले, शेपटीखालचे खवले, ओठांवरचे खवले असे मोजत गेले की बऱ्याचदा जातीपर्यंत पोहोचता येते, आणि ब्रिटिश म्युझियममधील सरडे व साप यांच्या ज्या प्रचंड सूची बूलेंजर याने १८८५ ते १८९६ या काळात तयार केल्या, त्यांत अशा मोजणीला मोठे स्थान आहे. पाय नाहीत म्हणजे साप, ही समजूत या कामात पहिल्या दिवशीच सोडावी लागते. पाय नसलेल्या सरड्यांना बहुधा मिटणाऱ्या पापण्या असतात, कानाचे छिद्र असते आणि त्यांच्या पोटावरचे खवले पाठीसारखेच लहान असतात. उलट, अजगराच्या शेपटीच्या मुळाशी मागच्या पायांचे अवशेष नखांसारखे बाहेर डोकावतात. पाय गमावण्याची घटना सरड्यांच्या वंशात एकदा नव्हे, वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे घडली आहे. तेव्हा साप आणि सरडे हे शेजारी-शेजारी ठेवायचे दोन गट नाहीत, तर साप ही सरड्यांच्याच झाडावरची एक फांदी आहे. आणि ‘सरडे’ हा शब्दसुद्धा, साप वगळून वापरला तर, पुन्हा उरलेल्यांचाच गट ठरतो. ही फांदी नेमकी कुठे फुटते यावर मात्र वाद आहे. २००५ च्या सुमारास डीएनएच्या आधारे जे वंशवृक्ष काढले गेले, त्यांनी घोरपडी, इग्वाना व शॅमेलिऑन हे सरडे आणि साप यांना एकत्र आणले, तर हाडांवरून काढलेले वृक्ष इग्वानांच्या शाखेला मुळाशी ठेवत आले होते. हाडे आणि जनुके यांची साक्ष इतक्या ठळकपणे जुळू नये, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत अस्वस्थ करणारे स्थळ वाटते.

कासवाची कथा याहून विलक्षण आहे. कासवाच्या कवटीत डोळ्यामागे एकही भोक नाही, म्हणून विसाव्या शतकात बहुतेक काळ त्याला सर्वांत प्राचीन, दोन भोकांची शाखा फुटण्याच्याही आधीच्या गटाचा शेवटचा वारस मानले गेले. त्याचे बाकी शरीरही कोणाशी जुळत नाही: कवच बरगड्यांपासून बनलेले आहे आणि खांद्याची हाडे बरगड्यांच्या आत आहेत, जशी ती इतर कोणत्याही पृष्ठवंशीय प्राण्यात नाहीत. २०१२ मध्ये जनुकांच्या मोठ्या तुलनांनी कासवाला थेट मगर आणि पक्षी यांच्या शेजारी नेऊन बसवले. तसे असेल तर त्याच्या पूर्वजांच्या कवटीत दोन भोके असायला हवीत आणि ती नंतर बुजलेली असायला हवीत. २०१५ साली जर्मनीतील सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांमधून एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, ज्याच्या बरगड्या रुंद होऊ लागल्या होत्या, कवच अजून बनलेले नव्हते, आणि डोळ्यामागे दोन भोके होती. त्याला दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ ‘आजोबा-कासव’ असा होतो. रसायनशाळेतल्या आकडेमोडीने जे सांगितले, ते तीनच वर्षांत दगडातून बाहेर यावे, हे वाचले त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नव्हते.

आणि तुआतारा. न्यूझीलंडच्या काही बेटांवर राहणारा हा प्राणी दिसायला निव्वळ सरडा आहे, आणि १८३१ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे याने केवळ कवटीवरून त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला सरड्यांतच घातले. १८६७ साली अल्बर्ट ग्युंथर याने त्याची शरीररचना नीट तपासून हा सरडाच नव्हे असे दाखवले. वरच्या जबड्यात दातांच्या दोन समांतर ओळी आणि खालच्या जबड्याची एक ओळ त्यांच्यामधल्या खाचेत बसणारी. बाहेरून कानाचे छिद्र नाही. नराला सरडे व साप यांच्यासारखे जननेंद्रिय नाही. आज जिवंत सरीसृपांचे चार गण, म्हणजे वर्गाखालचे मोठे गट, मानतात. त्यांपैकी साप-सरड्यांच्या गणात ११,००० हून अधिक जाती आहेत, कासवांच्या साडेतीनशेच्या वर, मगरींच्या तिसांच्या आत, आणि चौथ्या गणात एकटा तुआतारा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी त्याची वाट सरड्यांपासून निराळी झाली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संपूर्ण जनुकसंचाच्या वाचनातून दिसते. एके काळी या गणात अनेक रूपे होती. बाकी सगळी नाहीशी झाली. वर्गीकरणाचा कागदाबाहेर काय उपयोग, असे मला कोणी विचारले की मी याचे उदाहरण देतो. १९९० मध्ये एका छोट्या बेटावरील तुआतारा वेगळ्या जातीचे आहेत असे मांडले गेले आणि त्यामुळे त्यांच्या रक्षणाला विशेष जोर आला. पुढच्या जनुकीय अभ्यासांनी ती जात वेगळी नसल्याचे सांगितले, पण तोपर्यंत त्या छोट्या समूहाकडे लक्ष वेधले गेले होते.

आता माझ्या वहीतल्या व्याख्येची जागा कोणत्या व्याख्येने घेतली, तेवढे सांगायचे राहिले. वंशवृक्षावर आधारलेल्या नामकरणाची नवी संहिता २०२० मध्ये अमलात आली आणि तिच्यासोबत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘रेप्टिलिया’ची व्याख्या दिली आहे. तिच्यात खवले नाहीत, अंडी नाहीत, हृदयाचे कप्पे नाहीत. कासवाची एक जात, इग्वाना आणि नाईल मगर ही तीन नावे घेऊन, या तिघांचा सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज, असा हा वर्ग सांगितला आहे. पक्ष्यांचे नाव त्या वाक्यात कुठेच येत नाही आणि यावे लागतही नाही, कारण मगर आत आली की तिच्या मागोमाग पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आपोआप आत येतात. ज्या मगरीला मी अपवाद म्हणून कंसात टाकून पाठ केले होते, ती आता त्या व्याख्येतल्या तीन नावांपैकी एक आहे.